दाराकडची खाट

१

वृद्धाश्रमाच्या तळमजल्यावर, धुलाईच्या खोलीला लागून, एक अरुंद खोली होती. पूर्वी तिथे झाडू आणि बादल्या असत. आता तिथे सर्व्हर होता, एक डुगडुगणारं टेबल होतं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती होती. सगळे तिला कंप्युटरताई म्हणत. प्रिंटर अडला, टीव्हीचा आवाज गेला, कुणाच्या नातवाचा फोटो मोबाइलमधून नाहीसा झाला, की बोलवा कंप्युटरताईला. एका आजोबांनी तर तिच्याकडे चष्म्याची काडी बसवायला आणून दिली होती आणि तिने ती बसवूनही दिली होती.

तिचं खरं काम खाटांचं. प्रत्येक गादीखाली एक पातळ पॅड होतं आणि ते वर झोपलेल्या माणसाचे श्वास मोजायचं. हे मोजमाप गोळा करायला सर्व्हरवर एक स्क्रिप्ट होती, म्हणजे एकाखाली एक लिहून ठेवलेल्या आज्ञा: या खाटेला विचार, त्या खाटेला विचार, मिनिटाला किती श्वास ते छाप, आणि वजन आहे पण श्वास नाही असं दिसलं तर सिस्टरांच्या टेबलावरची घंटा वाजव. स्क्रिप्ट चालवायला कुणी बसून राहत नसे. दर काही मिनिटांनी सर्व्हरचं घड्याळच तिला उठवायचं. ती फेरी मारून यायची आणि परत गप्प व्हायची.

दुपारची जेवणं झाली की सगळी इमारत आडवी व्हायची. धुलाईची यंत्रंसुद्धा बंद असत. अशाच एका दुपारी मोठ्या सिस्टर जिना उतरून खाली आल्या. मोठ्या सिस्टर म्हणजे चणीने इवल्याशा, पण त्यांच्या चपलांचा आवाज आला की डॉक्टरही खुर्चीत सरळ बसायचे. त्यांच्या हातात छापलेला कागद होता.

"कंप्युटरताई, रिकामी खाट श्वास घेतेय. बघा जरा."

वरच्या मजल्यावरची शेवटची खोली. खिडकीकडच्या खाटेवर एक आजी. दाराकडची खाट रिकामी, आणि तिच्यापुढे आकडा अकरा. कंप्युटरताईला हसू आलं. तिने सिस्टरांच्या देखत स्क्रिप्ट हाताने चालवली. दाराकडची खाट: शून्य.

"मग हा कागद मी काय घरी छापून आणला?" सिस्टर म्हणाल्या.

तिने दोनदा, तीनदा चालवली. शून्यच. तेवढ्यात घड्याळाची वेळ झाली, स्क्रिप्ट आपली आपण चालली, आणि कोपऱ्यातला प्रिंटर कुरकुरला. अकरा. उद्यापर्यंत बघते, असं सांगून तिने सिस्टरांची बोळवण केली.

२

हाताने चालवली की बरोबर आणि घड्याळाने चालवली की चूक, हा तिच्या धंद्यातला जुना आजार होता. त्यामुळे ती घाबरली तर नाहीच, उलट जरा खूशच झाली. तुम्ही स्वतः बसून चालवता तेव्हा कंप्युटरला तुमचं सगळं ठाऊक असतं. तुमचं नाव, तुमचं फोल्डर, तुमची भाषा, समोरची स्क्रीन, कुठलं हत्यार कुठल्या कप्प्यात आहे ते. घड्याळ उठवतं तेव्हा यातलं जवळजवळ काहीच हाताशी नसतं. दिवे गेलेल्या घरात पाणी प्यायला उठलेल्या माणसासारखी स्क्रिप्ट चाचपडत जाते आणि हाताला लागेल ते भांडं उचलते.

तसं चुकीचं भांडं तिला सापडलंही. पॅड वाचणाऱ्या प्रोग्रॅमची एक जुनी प्रत अडगळीत पडून होती आणि घड्याळाची स्क्रिप्ट नेमकी तीच उचलत होती. तिने ती काढून टाकली, नव्या प्रतीचा पूर्ण पत्ता लिहिला आणि वर जाऊन सिस्टरांना सांगितलं की झालं काम. सिस्टरांनी चहा पाजला. दुसऱ्या दिवशी दुपारी कागदावर पुन्हा अकरा होते आणि चहाचा विषय निघाला नाही.

मग पॅडच बिघडलं असेल म्हणून ती अदलाबदल करायला वर गेली. खिडकीकडच्या खाटेवरची आजी म्हणजे तिची मावशी. आई नोकरीला जायची तेव्हा तिला मावशीनेच वाढवलं होतं. वृद्धाश्रमात नोकरी धरली तीही मावशीसाठीच. रोज चहाच्या वेळेला ती वर येऊन दोन खाटांच्या मधल्या खुर्चीवर बसायची आणि मावशी तिला तेच तेच किस्से नव्याने सांगायची.

दाराकडच्या खाटेवर आजवर कुणी झोपलं नव्हतं. मावशी आली तेव्हा दोन नव्या गाद्या आल्या होत्या. एक उघडली, दुसरी तशीच कंपनीच्या जाड प्लॅस्टिकमध्ये राहिली. तिने गादी उचलली तसं प्लॅस्टिक चरचरलं. इकडचं पॅड तिकडे, तिकडचं इकडे.

"हेच ते," मावशी म्हणाली. "दुपारी वाजतं हे. माझा डोळा लागला की कुणीतरी बसतं त्यावर."

"कोण बसतं?"

"मला काय माहीत? सिस्टर असतील. पाय दुखत असतील बिचारीचे."

दुसऱ्या दिवशीही दाराकडच्या खाटेवर अकराच आले. पॅडचा काही दोष नव्हता.

३

मोठ्या सिस्टरांनी तिला टेबलापाशी उभं करून विचारलं आणि त्यांचं म्हणणं चूक होतं असं कुणालाच म्हणता आलं नसतं.

"रिकाम्या खाटेवर श्वास दाखवणारं यंत्र उद्या गेलेल्या माणसाच्या खाटेवरही दाखवेल. मग मी कुणाच्या भरवशावर बसू? या आठवड्यात दुरुस्त नाही झालं तर पॅड काढून टाकायला सांगते. पूर्वीसारख्या आम्ही फेऱ्या मारू."

फेऱ्या म्हणजे दुपारी एक फेरी आणि रात्री दोन. मधल्या वेळात कुणाला काय झालं ते पुढच्या फेरीला कळायचं. गेल्या हिवाळ्यात, पॅड बसायच्या आधी, मावशीचा श्वास झोपेत थांबला होता. एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा ती जवळच खुर्चीवर बसलेली होती, म्हणून निभावलं. तिने गदागदा हलवलं आणि मावशीने पाण्यातून वर आल्यासारखा श्वास ओढला. डॉक्टर म्हणाले, या वयात काहीजण झोपेत श्वास घ्यायचा विसरतात, कुणीतरी जवळ असलेलं बरं. सिस्टरही तेच म्हणाल्या होत्या, नशीब तुम्ही जवळ होतात. पण माणूस किती वेळ जवळ बसणार? म्हणून तर तिने व्यवस्थापकांच्या मागे लागून लागून, त्यांच्या नाकी नऊ आणून, ही पॅडं बसवून घेतली होती.

पॅडं गेली तर मावशी गेली, इतका साधा हिशोब होता. ती जिना उतरून आपल्या खोलीत आली आणि दार लावून बसली.

४

अशा वेळी तिच्या धंद्यातली माणसं एकच करतात. स्क्रिप्टलाच सांगतात की चालायच्या आधी तुला काय काय ठाऊक आहे ते लिहून ठेव. मग हाताने चालवलेलीचा कबुलीजबाब आणि घड्याळाने चालवलेलीचा कबुलीजबाब शेजारी शेजारी ठेवायचे. जिथे फरक, तिथे घोडं पेंड खातंय.

घड्याळाच्या कबुलीजबाबात फारसं काही नव्हतंच. तिने मग उलटी वाट धरली. स्वतः हाताने चालवायची, पण आपलं सगळं काढून घेऊन. नाव पुसलं, फोल्डर पुसलं, भाषा, स्क्रीन, सगळं. कोरी, कुणीच चालवत नसल्यासारखी. दुपार व्हायला अवकाश होता. बाहेर धुलाईची यंत्रं घरघरत होती आणि कुणीतरी चादरी झटकत होतं.

दाराकडची खाट: अकरा.

म्हणजे दोष घड्याळाचा नव्हता. तिला हुरूप आला. आता एकेक वस्तू परत द्यायची आणि कशाने शून्य होतं ते बघायचं. भाषा दिली, अकरा. फोल्डर दिलं, अकरा. स्क्रीन दिली, अकरा. शेवटी नाव दिलं.

शून्य.

नाव काढलं, अकरा. दिलं, शून्य. तिने स्क्रिप्ट वरपासून खालपर्यंत वाचून काढली. त्यात नावाचा उपयोग कुठेच नव्हता. ते नाव कुणी वाचत नव्हतं, कुणी विचारत नव्हतं, खिशात विसरलेल्या किल्लीसारखं ते नुसतं बरोबर चाललं होतं. तिने मोठ्या सिस्टरांचं नाव घालून पाहिलं. अकरा. व्यवस्थापकांचं घातलं. अकरा. स्वतःचं घातलं आणि बटण दाबण्याआधीच तिला आकडा कळला होता.

लहानपणी मावशी तिला दुपारी सक्तीने झोपवायची. हिला झोप यायची नाही. थोड्या वेळाने मावशी अंधाऱ्या खोलीत डोकावून हळूच विचारायची, झोपलीस का गं? आणि ही भिंतीकडे तोंड करून श्वास रोखून पडून राहायची, मावशीची पावलं लांब जाईपर्यंत. हे तिला आत्ता का आठवावं ते तिचं तिलाच कळेना. मनात पाल चुकचुकली आणि तिने ती हुसकून लावली. काहीतरी साठवलेलं उत्तर परत येत असेल. पॅडच्या प्रोग्रॅममध्येच कुठेतरी गडबड असेल. शहाण्या माणसाकडे अशा शंका पुष्कळ असतात आणि त्यांनी तात्पुरता धीर येतो.

५

शेवटी तिने तिच्या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक केली. जे कळलं नाही ते तसंच ठेवून जे चाललं ते कायम केलं. घड्याळाच्या वेळापत्रकात सगळ्यात वर एक ओळ लिहिली, की यापुढे ही स्क्रिप्ट तिच्या नावाने चालेल. दिवसा, रात्री, ती घरी असताना, ती झोपलेली असताना, दर फेरीला तिचं नाव बरोबर घेऊन.

कागद छापून आला. दाराकडची खाट: शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य, तिसऱ्या दिवशी शून्य. मोठ्या सिस्टरांनी पॅड काढायचा विषय सोडला आणि तिच्यासाठी घरून बिस्किटांचा पुडा आणला. तिचा जीव भांड्यात पडला.

आणखी एक चांगलं झालं. मावशीचा श्वास सुधारला. पूर्वी तिचे आकडे विस्कटलेले असत. पंधरा, मग अठरा, मग एकदम नऊ. आता दर फेरीला अकरा. सिस्टर म्हणाल्या, गाढ झोप लागतेय म्हाताऱ्या माणसाला, हवा बदलली म्हणून असेल. कंप्युटरताईने तो आकडा बघून कागद उलटा ठेवला. पण अकरा हा आकडा काही कुणाच्या मालकीचा नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

चहाच्या वेळेला ती वर जाऊन बसली तेव्हा मावशी थकलेली दिसली. डोळ्यांखाली काळं आलं होतं. गाढ झोपणाऱ्या माणसासारखी ती काही दिसत नव्हती.

"झोप होते ना नीट?" तिने विचारलं.

"कसली होतेय. अडचण होते," मावशी म्हणाली आणि भिंतीकडची चादर हाताने सारखी केली. "पण ते प्लॅस्टिक वाजायचं थांबलं हो. तू काय केलंस?"

कसली अडचण, हे तिने विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटली.

६

आठवड्यातून एकदा तळमजल्याच्या दिवाणखान्यात पायांचे व्यायाम घेत. सगळ्या आज्या खुर्च्यांवर गोल बसत आणि व्यायामवाली बाई त्यांच्याकडून टाचा वर-खाली करून घेई. कंप्युटरताईच्या खोलीचं दार उघडं असलं की समोरच सगळं दिसायचं. त्या दिवशी मावशी तिच्याकडे तोंड करून बसली होती. टाचा वर उचलायच्या सोडून शेजारणीशी बोलत होती, आणि बाई ओरडली की तेवढ्यापुरती एखादी टाच हलवत होती.

स्क्रीनवर फेरीचे आकडे उमटले. तिने सवयीने शेवटच्या खोलीकडे पाहिलं. दाराकडची खाट शून्य. खिडकीकडची खाट अकरा.

तिने मान वर करून मावशीकडे पाहिलं. मावशीने तिला हात केला.

मग तिने जुने आकडे वर सरकवले. पहिल्या दिवसापासूनचे, तिने हाताने चालवलेले सगळे. इतके दिवस ती फक्त दाराकडच्या ओळीकडे बघत होती. तिचं नाव असताना दाराकडे शून्य आणि खिडकीकडे अकरा. नाव नसताना दाराकडे अकरा आणि खिडकीकडे मावशीचे स्वतःचे विस्कटलेले श्वास. एकदाही याला अपवाद नव्हता. शून्य म्हणजे तिथे कुणी नाही, असं तिने धरलं होतं. शून्य म्हणजे तिथे जे होतं ते उठून पलीकडे, मावशीच्या खाटेवर गेलं, एवढंच होतं. आणि पलीकडे त्याच्याखाली पॅड होतं, आणि पॅडला श्वास कुणाचा ते कळत नाही. मावशीचा श्वास थांबला असता तरी घंटा वाजली नसती.

तिने वेळापत्रकातलं आपलं नाव खोडलं. पुढच्या फेरीत दाराकडे अकरा आले. खिडकीकडे वजन नाही, श्वास नाही. जसं असायला हवं तसं.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. ती जिना चढून वर गेली. लांबलचक बोळात उन्हाचे चौकोन पडले होते आणि फिनेलचा वास होता. शेवटच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून प्लॅस्टिकचा आवाज येत होता. चरचर, मग विराम, मग चरचर. सावकाश, एका लयीत, गाढ झोपलेल्या माणसाखाली यावा तसा.

तिच्या चपलेचा आवाज झाला आणि ती लय थांबली.

तिने दार ढकललं. दाराकडच्या गादीवरच्या प्लॅस्टिकला मधोमध लांबट खळगा होता आणि तिच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू भरून वर येत होता. खोलीत कुणीच नव्हतं. मग खिडकीकडच्या खाटेवर, भिंतीच्या बाजूला, मावशीची उशी दबली. आधी उशी, मग चादर, खांद्याएवढी, मग कमरेएवढी. चादर भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या कुणाच्या तरी भाराने ताणली गेली आणि तशीच राहिली. हलली नाही. ते वाट बघत होतं. तिने जावं म्हणून श्वास रोखून पडलं होतं.

आपणही श्वास रोखलाय हे तिला छातीत दुखायला लागल्यावर कळलं. आधी तिनेच सोडला, आणि मागे न बघता ती जिन्याकडे धावली.

७

सिस्टरांना तिने सांगितलं की त्या रिकाम्या खाटेचं पॅड कामातून गेलंय, म्हणून ती खाटच कागदावरून काढून टाकली. हे अर्धंच खोटं होतं. स्क्रिप्ट आता पुन्हा कुणाच्याच नावाने चालत नव्हती. दाराकडे काय आहे ते कुणी विचारत नव्हतं, आणि ते आपल्या जागी होतं. मावशीचे आकडे परत विस्कटले आणि ते विस्कटलेले आकडे बघून तिला रडू आलं. मावशीची खोली बदलायचंही तिने विचारून पाहिलं, पण बाकी सगळी इमारत भरलेली होती आणि व्यवस्थापकांनी कारण विचारलं तेव्हा तिला सांगता येण्यासारखं एकही सुचलं नाही.

दोन दिवस ती वर गेली नाही. तिसऱ्या दिवशी मावशीचा निरोप आला की ही पोरगी कुठे तडफडलीय. ती गेली. मावशीचा डोळा लागला होता. दाराकडची गादी सपाट होती, प्लॅस्टिकवर ऊन चमकत होतं. ती नेहमीच्या खुर्चीवर बसली. मावशीचा हात पांघरुणाबाहेर आला होता, तो तिने आपल्या हातात घेतला. भीतीपेक्षा माया मोठी झाली आणि तिला बरं वाटलं.

मग तिने मोबाइल काढून स्क्रिप्ट चालवली. कोरी, बिननावाची. खिडकीकडे अकरा.

तिने पुन्हा चालवली, दाराकडच्या खाटेलाही विचारायला लावलं. दाराकडे शून्य. खिडकीकडे अकरा. नाव तर तिने दिलंच नव्हतं. पण ती स्वतः तिथे बसली होती.

तिने मावशीच्या छातीकडे पाहिलं. पांघरूण हलत नव्हतं. मावशीच्या पलीकडे, भिंतीशी, चादर ताणलेली होती. घंटा वाजली नाही. अकरा श्वास मिळाल्यावर ती कशाला वाजेल?

तिने मावशीला दोन्ही खांद्यांना धरून हलवलं, ओरडली, पुन्हा हलवलं. मावशीने एकदम श्वास ओढला आणि ती खोकत उठून बसली. आवाज ऐकून मोठ्या सिस्टर धावत आल्या. त्यांनी मावशीची पाठ चोळली, नाडी बघितली, पाणी दिलं. सगळं शांत झाल्यावर त्यांनी कंप्युटरताईच्या डोक्यावरून हात फिरवला. एरवी त्या कुणाला असा हात लावत नसत.

"तिसऱ्यांदा वाचवलंत हो तुम्ही. दर वेळी तुम्ही जवळ असता म्हणून. रोज येऊन बसत जा, काम राहू दे."

कंप्युटरताईने मान हलवली. हिवाळ्यातल्या त्या दोन्ही वेळा ती याच खुर्चीवर बसलेली होती. ती जवळ नव्हती अशा एकाही दिवशी मावशीचा श्वास थांबला नव्हता.

८

आता ती रोज वर जाते, पण चपला जिन्यात काढून ठेवते आणि बोळाच्या शेवटी, बंद दाराशी, भिंतीला टेकून उभी राहते. सिस्टरांना वाटतं की तिला मावशीचे हाल बघवत नाहीत. मावशीने आधी निरोप पाठवले, मग रागावली, मग सिस्टरांना विचारलं की माझं काही चुकलं का. त्या दिवशी कंप्युटरताई खाली येऊन धुलाईच्या खोलीत यंत्रांच्या आवाजात रडली.

दुपारी इमारत आडवी झाली की आतून प्लॅस्टिक वाजायला लागतं. चरचर, विराम, चरचर. ते ऐकू आलं की तिला हायसं वाटतं, कारण ते दाराकडे आहे म्हणजे खिडकीकडे मावशी एकटी आहे. खिशात मोबाइल असतो. ती तो काढत नाही.

काल उभं राहून पाय भरून आले म्हणून तिने जरा जागा बदलली आणि पाठ दाराला लागली. दार हललं. आत प्लॅस्टिक चरचरलं, कुणी दचकून उठून बसावं तसं. मग ते थांबलं.

आतून मावशीचा आवाज आला. झोपाळलेला, हळुवार, लहानपणी अंधाऱ्या खोलीत यायचा तोच.

"नाही गं, ती नाही. वारा आहे. झोप तू."

मग प्लॅस्टिक पुन्हा लयीत वाजू लागलं. कंप्युटरताई दारापासून लांब झाली आणि अनवाणी पावलांनी, आवाज न करता, जिन्याकडे गेली.